दोन चमचे साखरेनं सासूबाईंचा कॅन्सर वाढला का?

पत्र:
मॅडम, आम्ही निपाणी भागातले. घरचा ऊस आहे, गावातच गुऱ्हाळ आहे. माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या. त्यांच्या स्तनात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आता बेळगावला केमो सुरू आहे. थोरल्या भाऊजींना मोबाईलवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला की कॅन्सर साखरेवर जगतो, साखर तोडली की तो उपाशी मरतो. तेव्हापासून सासूबाईंचं साखर, गूळ, भात, केळी, दूध सगळं बंद. सकाळी एक कडू काढा, दोन वेळा उकडलेली भाजी आणि अर्धी भाकरी. चार महिन्यांत वजन ५२ वरून ४६ किलोवर आलंय. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. नणंदेनं बेळगावहून कुंदा आणला, तर भाऊजींनी तो डबा तसाच परत पाठवला. वर म्हणाले, "जन्मभर गोड खाल्लं म्हणूनच ही वेळ आली." त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत.
परवा त्यांनी माझ्याकडं हळूच चहा मागितला. मी दोन चमचे साखर घालून दिला. आता रोज देते, कुणाला न सांगता. त्यांना शुगर नाही. पण मला भीती वाटते. मीच त्यांचा आजार वाढवते आहे का? आणि आमची पोरं गुऱ्हाळावर दिवसभर गूळ खातात, त्यांचं काय? मालक म्हणतात, "मग आता ऊसच काढून टाकायचा का?" भाऊजी स्वतः दिवसभर तंबाखू मळतात, त्यांना कोण सांगणार? — एक सून

उत्तर:
ताई, तुमच्या चहानं सासूबाईंचा कॅन्सर वाढलेला नाही. हे पहिल्यांदा वाचा, हवं तर दोनदा वाचा, मग पुढं जा. ज्या बाईला शुगर नाही, जिचं वजन उतरतंय आणि जी अर्ध्या भाकरीवर दिवस काढतेय, तिला तुम्ही दिवसातून एकदा तरी मनापासून घोटभर काहीतरी प्यायला दिलंत. त्यात लपवण्यासारखं काही नाही. उलट आता ते सगळ्यांसमोर द्यायला लागा. त्यासाठी भाऊजींना काय सांगायचं, ते पुढं लिहिते.

भाऊजींच्या मनात आईबद्दल माया आहे म्हणूनच ते हे करतायत, याबद्दल मला शंका नाही. आणि त्या व्हिडिओत मुळातच सगळं खोटं असतं असंही नाही. १९२०च्या दशकात जर्मनीत ओटो वॉरबुर्ग नावाच्या शास्त्रज्ञानं पाहिलं की कॅन्सरच्या पेशी साध्या पेशींपेक्षा फार जास्त ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, ओढून घेतात आणि ऑक्सिजन असतानाही ते अर्धवट जाळून त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. हे निरीक्षण खरं होतं, आजही खरं आहे. "साखरेमुळं कॅन्सर होतो हे शोधल्याबद्दल वॉरबुर्गला नोबेल मिळालं" अशी जी वाक्यं फिरतात, ती मात्र चुकीची. त्याला १९३१ साली नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामाबद्दल. पेशीचं श्वसन बिघडतं म्हणून कॅन्सर होतो, असं त्याचं स्वतःचं मत होतं. पुढच्या संशोधनानं चित्र बदललं. आधी पेशीच्या जनुकांत बिघाड होतात, पेशी बेफाम वाढायला लागते, आणि वाढायला माल लागतो म्हणून ती ग्लुकोज जास्त ओढते. भूक हा आजाराचा परिणाम आहे, त्याचं मूळ नव्हे.

या भुकेचा डॉक्टर उपयोगही करून घेतात. सासूबाईंचा पेट स्कॅन झाला असेल तर आठवून बघा. काही तास उपाशी ठेवतात, बोटाला टोचून रक्तातली साखर बघतात, मग शिरेतून थोडंसं किरणोत्सारी ग्लुकोज देतात. जवळपास तासभर शांत पडून राहायला सांगतात, बोलूसुद्धा नका म्हणतात. मग स्कॅनमध्ये जिथं जिथं ते ग्लुकोज जास्त ओढलं गेलं, तिथं ठिपके उजळलेले दिसतात. आजार कुठं आहे ते त्यावरून कळतं. हे चित्र बघून घरच्यांना वाटतं, बघा, गाठ साखर खाते. पण त्याच चित्रात मेंदूही लख्ख उजळलेला असतो, आणि पुष्कळदा हृदयही. मेंदूला एकट्याला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं.

अडचण इथंच आहे. उसात तण माजलं म्हणून कुणी पाटाचं पाणी तोडत नाही. तण लवकर मरत नाही, ऊस मात्र आधी वाळतो. कॅन्सरच्या पेशीला मिळणारं ग्लुकोज आणि मेंदूला, हृदयाला, हाडांच्या आतल्या, रक्त तयार करणाऱ्या मगजाला मिळणारं ग्लुकोज एकाच रक्तातून जातं. एकाचं तोडून दुसऱ्याचं चालू ठेवता येत नाही.

आणि ते तोडताही येत नाही. आपल्या सगळ्या रक्तात मिळून कुठल्याही वेळी जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचाभर ग्लुकोज असतं. शरीर ते ठरावीक मापात राखून ठेवतं. तोंडानं साखर गेली नाही तर यकृत आधी साठवलेली साखर सोडतं, ती संपली की अंगातलं मांस मोडून त्यातून ग्लुकोज बनवतं. सासूबाईंच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, ते हेच. दंडाचं मांस झडलंय, आणि त्यातून झालेलं ग्लुकोज त्याच रक्तात गेलंय. शिवाय कॅन्सरच्या पेशी फक्त साखरेवर जगत नाहीत. प्रथिनांतलं ग्लुटामाइन, चरबीतली आम्लं, जे मिळेल ते त्या वापरतात. भाऊजींना एक साधा हिशोब सांगा. एका ज्वारीच्या भाकरीत पचल्यावर ४० ते ५० ग्रॅम ग्लुकोज तयार होतं, आणि तुमच्या चहातले दोन चमचे म्हणजे जेमतेम १० ग्रॅम. भाकरी चालते, चहा चालत नाही, असा कुठला नियम शरीरात नाही.

पिष्टमय पदार्थ जवळजवळ पूर्ण बंद करून चरबीवर ठेवायचा एक आहार आहे, त्यावर संशोधन चालू आहे, विशेषतः मेंदूच्या काही गाठींवर. ते दवाखान्यात, रक्ततपासण्यांच्या देखरेखीखाली होतं. त्या आहारानं कॅन्सर बरा होतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. उकडलेली भाजी आणि अर्धी भाकरी हा तर तो आहारही नव्हे. ती नुसती उपासमार आहे.

मला खरी काळजी वाटते ती सासूबाईंच्या वजनाची. ५२ वरून ४६, म्हणजे चार महिन्यांत ११ टक्क्यांहून जास्त. सहा महिन्यांत वजन आपोआप ५ टक्क्यांपेक्षा जास्त घटलं तर कॅन्सरच्या पेशंटमध्ये ती धोक्याची खूण धरतात. मांस झडलेल्या पेशंटला केमो सोसत नाही. थकवा वाढतो, पांढऱ्या पेशी उतरतात, जंतुसंसर्ग होतो, पुढचा डोस पुढं ढकलावा लागतो. बऱ्याच केमोचा डोस उंची आणि वजनावरून काढतात, त्यामुळं वजन इतकं बदललं तर डॉक्टरांना ते कळायलाच हवं. पुढच्या खेपेला दवाखान्यात गेल्या गेल्या हे सांगा. आणि त्या कडू काढ्यात काय आहे तेही सांगा. काही झाडपाला यकृतावर ताण आणतो, काहींमुळं औषधांचा परिणाम बदलतो. तोवर तो काढा बंद ठेवा.

आता द्यायचं काय ते सांगते. ४६ किलोच्या बाईला उपचार चालू असताना दिवसाला साधारण १,३०० ते १,४०० कॅलरी लागतात आणि ५५ ते ७० ग्रॅम प्रथिनं. ऐकायला मोठं वाटतं, पण तुमच्या घरात हे सगळं आहे. दोन अंडी उकडून १२ ग्रॅम प्रथिनं झाली. दोन पेले दूध, त्याचे १३. एक वाटी दही, ५. मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा तेवढ्याची चटणी, ७-८. तुरीची आमटी किंवा मटकीची उसळ दोन वाट्या, १२. दोन-तीन भाकऱ्यांचे १२ ते १८. पोहोचलात. अंडी-मटण चालत असेल तर आठवड्यातून दोनदा मऊ शिजवलेलं मटण किंवा चिकनचा रस्सा द्या, फक्त तिखट बेतानं.

हे सगळं तीन जेवणांत बसणार नाही. त्यांची भूक गेलेली असणार. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं द्या. केमोनं तोंडाची चव जाते, कुणाला सगळं लोखंडासारखं लागतं, कुणाच्या तोंडात फोड येतात. अशा वेळी गरम, तिखट, कोरडं उतरत नाही. कोमट आणि सरसरीत उतरतं. नाचणीची आंबील ताक घालून द्या. तुमच्याकडं खपली गहू मिळतो, त्याची खीर करा. गहू रात्रभर भिजवून, कुकरला मऊ शिजवून, डावेनं घोटून, त्यात दूध, ओल्या खोबऱ्याचं दूध आणि दोन चमचे गूळ. वाटीभर हुग्गी म्हणून दुपारी चार वाजता पुढ्यात ठेवली तर बहुधा संपवतील. तो गूळ साखरेच्या ऐवजी औषध म्हणून नव्हे, खीर घशाखाली जावी म्हणून. भात सुरू करा, मऊ, तूप घालून. केळं सुरू करा. नणंदबाईंना कळवा की कुंदा परत आणा. जेवणानंतर एक लहान तुकडा, आनंदानं खाल्लेला, कुठलंही नुकसान करणार नाही. कुंदा म्हणजे साखर घालून आटवलेलं दूधच आहे.

रस्त्यावरचा उसाचा रस मात्र या दिवसांत नको. कारण साखर नव्हे, बर्फ आणि जंतू. केमोत प्रतिकारशक्ती उतरलेली असते, त्यामुळं उघड्यावरचं, कच्चं, न धुतलेलं काहीच देऊ नका. अंगात ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री असेल तरी दवाखाना गाठायचा.

थोडं सावधपण साखरेच्या बाबतीतही ठेवा. तुम्ही लिहिलंय त्यांना शुगर नाही. पण केमोबरोबर उलट्या आणि ॲलर्जी टाळायला जी स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, त्यांनी काही दिवस रक्तातली साखर चढू शकते. ती तपासून घ्या. चढलेली निघाली तर डॉक्टर सांगतील तसं गोड तेवढ्यापुरतं कमी करा, जेवण कमी करायचं नाही. दुसरं म्हणजे, हे पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी स्तनाच्या कॅन्सरची पेशंट असेल आणि तिचं वजन उपचारात वाढत असेल, आणि असं बऱ्याच जणींचं होतं, तर तिला माझा सल्ला वेगळा असेल. तिनं साखर, तळण, बेकरीचं नक्की आवरावं. मी इथं लिहितेय ते ४६ किलोवर आलेल्या एका बाईसाठी.

आता जे वाक्य ऐकून सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, त्याबद्दल. "जन्मभर गोड खाल्लं म्हणून ही वेळ आली." ताई, हे वाक्य घरात परत कुणी उच्चारू नये, यासाठी तुम्हाला जे करता येईल ते करा. स्तनाच्या कॅन्सरचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे बाई असणं आणि वय वाढणं. काहींच्या घराण्यात बिघडलेलं जनुक असतं. पाळी लवकर येणं, उशिरा जाणं, पाळी गेल्यानंतर वजन वाढणं, दारू, अशी आणखी कारणं आहेत, आणि कितीतरी बायकांच्या बाबतीत यातलं एकही नीट लागू पडत नाही. तुमच्या सासूबाईंना तो का झाला, हे कुठलाही डॉक्टर बोट ठेवून सांगू शकणार नाही. सणाला केलेली पुरणपोळी आणि नातवाच्या बारशाचा कुंदा यांच्यावर तर कुणीच बोट ठेवू शकत नाही. आजारी माणसाला जेव्हा सांगतात की तुझ्याच जिभेनं तुला हे दिलं, तेव्हा तो घास टाकतो. आजाराशी लढायचं तर त्या घासाचीच गरज असते. मला हे दवाखान्यात पुन्हा पुन्हा दिसतं. बायका ताट पुढं आल्यावर आधी मुलाच्या तोंडाकडं बघतात, खाऊ का म्हणून. हे बघवत नाही.

पोरांचं विचारलंत. गूळ, साखर, काकवी यांतली कुठलीही गोष्ट तंबाखूसारखी थेट कॅन्सर घडवणारी नाही. पण म्हणून दिवसभर गूळ चघळणं बरं, असंही म्हणणार नाही. साखरेचा आणि कॅन्सरचा संबंध आहे तो वळशानं. जास्तीची साखर वर्षानुवर्षं पोटात गेली की वजन वाढतं. वाढलेली चरबी गप्प पडून राहत नाही. इन्सुलिन वाढवते, अंगात बारीक सूज धरून ठेवते, आणि पाळी गेलेल्या बायकांत इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन तयार करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१६ साली सांगितलं की वाढलेल्या चरबीचा १३ प्रकारच्या कॅन्सरशी संबंध आहे. मोठं आतडं, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मूत्रपिंड, गर्भाशय, पाळीनंतरचा स्तनाचा कॅन्सर हे त्यातले. फ्रान्समध्ये लाखभर लोकांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला. गोड पेयं जास्त पिणाऱ्यांत कॅन्सर थोडा जास्त दिसला. अशा अभ्यासातून कारण पक्कं होत नाही, पण बाटलीतल्या थंड पेयापासून पोरांना दूर ठेवायला एवढं मला पुरे आहे.

वरून घातलेली साखर, गूळ, मध, रस हे सगळं मिळून दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा लहान चमचे. पोरांना त्याहून कमी. थंड पेयाच्या ३०० मिलीच्या एका बाटलीतच ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात, पण मोठा भाग साखरच. "गूळ चालतो, साखर नाही" हा आपल्याकडचा समज सोडून द्या. गुऱ्हाळ चालू असेल त्या दिवसांत जेवणानंतर एक खडा गूळ आणि मूठभर शेंगा, एवढं ठरवून द्या. मग चूळ भरायला लावा, दातांसाठी. आणि मालकांना सांगा, ऊस काढायचं काही कारण नाही. त्यांनी विष पिकवलेलं नाही.

राहिले भाऊजी. त्यांना कोण सांगणार विचारलंत, तर मी सांगते. हा पुढचा भाग त्यांना वाचून दाखवा.

भाऊजी, आईसाठी तुम्ही इतकं केलंत, आता तिच्या ताटातला घास परत द्या. आणि तुमची स्वतःची काळजी मला तिच्या चहापेक्षा जास्त वाटते. निपाणीच्या तंबाखूवर या भागातली कितीतरी घरं उभी राहिली, हे मला माहीत आहे. पण तळहातावर मळून ओठाखाली ठेवलेली तंबाखू तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर घडवते, यात शंकेला जागा नाही. नुसती सुपारीही कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांत धरली आहे. घरातली साखर बंद करण्याइतका तुमचा निश्चय पक्का आहे. तोच इथं लावा. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी फोनसेवा आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट आहे, आपल्या भाषांत बोलतात, सल्लागार नंतर स्वतःहून फोन करून चौकशी करतात. सोडण्याचे पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप लागणार नाही. डॉक्टरांकडून निकोटिनचं च्युइंगगम किंवा गोळ्या घेता येतात. आणि आजच आरशासमोर उभं राहून तोंड उघडा. ज्या बाजूला तंबाखू ठेवता तिथं पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तीन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, तीन बोटं उभी तोंडात मावेनाशी झालीत का, एवढं बघा. यातलं काहीही असेल तर आईच्या पुढच्या केमोला बेळगावला जाल, त्याच दिवशी तोंड दाखवून या.